आयर्लंडच्या सणांना वाचा देणारे डॉ. डग्लस हाइड

आयर्लंड म्हटले की आमच्या आजोबांच्या पिढीला पार्नेल, होमरूल आणि डी व्हॅलेरा ही नावे आठवत. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला तो त्याच ओढीने. आज त्या देशाची ओळख बहुतेकांना होते ती १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, जगभर निघणाऱ्या हिरव्या मिरवणुकांतून. लढ्याचे आयर्लंड आणि उत्सवाचे आयर्लंड या दोहोंच्या मध्ये एक मनुष्य उभा आहे. त्याने कधी बंदूक हाती धरली नाही आणि मतांच्या लढतीत उतरला तेव्हा तो पडला. डॉ. डग्लस हाइड हे त्यांचे नाव. घरापासून दूर राहून भाषा आणि सण सांभाळू पाहणाऱ्या आम्हां मंडळींना त्यांचे चरित्र परके वाटणार नाही, म्हणून ते येथे थोडक्यात सांगत आहोत.

चरित्राकडे वळण्यापूर्वी आयरिश वर्षाची घडण पाहिली पाहिजे. हे वर्ष मुळात चार सांध्यांवर उभे आहे. नोव्हेंबरच्या आरंभी साविन : गुरे माळावरून घरी आलेली, सुगी संपलेली, आणि आदल्या रात्री मृतात्मे घरी येतात अशी श्रद्धा. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी इम्बोल्क. तोच पुढे संत ब्रिजिडचा दिवस झाला, आणि पाणथळीतील लव्हाळ्यांचे क्रूस विणून दारावर टांगण्याची चाल त्या दिवसाशी जोडली गेली. मेच्या आरंभी ब्याल्तिना, ज्या दिवशी गुरे दोन आगींमधून हाकून उन्हाळी कुरणांकडे नेत. ऑगस्टच्या आरंभी लूनसा, म्हणजे नव्या पिकाचा सण, टेकड्या चढण्याचा आणि जत्रांचा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी पोरे सोंगे घेऊन गात-वाजवीत दारोदार फिरत. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा त्याने हे सांधे मोडले नाहीत. त्यांवर संतांची स्थापना केली. होळीची राख कपाळाला लावणाऱ्या आणि पोळ्याला बैलांची शिंगे रंगविणाऱ्या माणसाला हे सारे समजावून सांगण्याची गरज नाही.

साविनपासून ब्याल्तिनापर्यंतच्या लांब रात्री चुलीभोवती कथा सांगण्याच्या असत. या सणांना पोथी नव्हती. म्हाताऱ्यांच्या तोंडची आयरिश भाषा हीच त्यांची पोथी होती, आणि एकोणिसाव्या शतकात ती भाषाच तुटत चालली होती.

१८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो महादुष्काळ आला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. मेले आणि गेले ते प्रामुख्याने पश्चिमेकडचे गरीब लोक, म्हणजे नेमके आयरिश बोलणारे. १८५१ च्या शिरगणतीत आयरिश जाणणारे १५ लाखांहून थोडे अधिक होते; चाळीस वर्षांनी ते सात लाखांच्या आत आले. मुलाला अमेरिकेला किंवा इंग्लंडला पाठवावयाचे तर त्याला इंग्रजी हवी, हे आईबापांनी ओळखले होते. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पडे, आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून गुरुजी छड्या देत. या व्यवस्थेस घरच्यांचीही संमती असे. भाषा मारण्याचे काम केवळ परके राज्यकर्ते करतात असे मानणाऱ्यांनी ही काठी लक्षात ठेवावी.

अशा काळात, १७ जानेवारी १८६० रोजी, रॉसकॉमन परगण्यातील कॅसलरे येथे डग्लस हाइड यांचा जन्म झाला. घराणे इंग्रज वंशाचे, धर्म प्रॉटेस्टंट, वडील आर्थर हाइड चर्च ऑफ आयर्लंडचे धर्मोपदेशक. म्हणजे ज्या कॅथलिक, आयरिश बोलणाऱ्या कुळांच्या उंबऱ्यापलीकडे असली घरे सहसा पाऊल टाकीत नसत, त्यांच्याशी या मुलाचा रक्ताचा वा धर्माचा काडीचाही संबंध नव्हता. १८६७ मध्ये वडिलांची नेमणूक त्याच परगण्यातील फ्रेंचपार्क येथे झाली. हा भाग कॉनॉट प्रांतात मोडतो. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसला ज्या ड्यूकचे नाव मिळाले त्याची पदवी याच दूरच्या, पावसाळी, दरिद्री प्रांतावरून आलेली होती, हे दिल्लीकर मंडळींनाही कदाचित ठाऊक नसेल.

आजारपणामुळे डग्लसची शाळा लवकरच सुटली आणि शिक्षण घरी वडिलांजवळ झाले. खरी शाळा मात्र घराबाहेर भरली. शेमस हार्ट नावाचा शिकारीच्या रानाचा एक म्हातारा राखणदार होता. त्याच्याबरोबर दलदलीतून हिंडताना मुलाच्या कानी आयरिश पडू लागली. मुलाला ती बोलावीशी वाटली, लिहावीशी वाटली. पण आयरिश लिपिलेखन कोण शिकविणार? तेव्हा त्याने ऐकलेले शब्द इंग्रजी अक्षरांत, जसे कानाला लागतील तसे, वहीत उतरविले आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याच मोडक्यातोडक्या आयरिशमध्ये रोजनिशी लिहावयास आरंभ केला. थोड्याच काळाने हार्ट वारला. मुलाला ते इतके लागले की काही दिवस भाषेचा नादही मंदावला.

पुढे ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. वडिलांची इच्छा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी; मुलाने ती मानली नाही. पदव्या मिळविल्या, कायद्याची डॉक्टरेट घेतली, लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, जर्मन या भाषा आत्मसात केल्या, आणि हे सारे करीत असताना 'अन् क्रीविन ईविन', म्हणजे 'गोजिरवाणी डहाळी', या टोपणनावाने आयरिश कविता छापीत राहिले. वर्षभर कॅनडातील न्यू ब्रन्स्विक विद्यापीठात अध्यापन केले. खेड्यापाड्यांत फिरून कथा व गाणी टिपून घेतली. १८९३ मध्ये त्यांचा 'कॉनॉटची प्रेमगीते' हा संग्रह निघाला. त्यात मूळ आयरिश गाणे आणि समोर हाइड यांचे इंग्रजी भाषांतर अशी मांडणी होती. हे भाषांतर आयरिश वाक्यरचनेचा गंध ठेवून केलेले होते, आणि येट्स, लेडी ग्रेगरी यांसारख्या लेखकांच्या इंग्रजीला त्या गंधाने नवे वळण दिले. त्याच वर्षी ल्यूसी कुर्ट्झ या जर्मन वंशाच्या स्त्रीशी त्यांचा विवाह झाला.

याआधी, २५ नोव्हेंबर १८९२ रोजी, डब्लिनमध्ये राष्ट्रीय वाङ्मय मंडळापुढे हाइड यांनी एक व्याख्यान दिले होते. आयरिश लोक इंग्रजांचा द्वेष करतात आणि त्याच वेळी बोलण्यात, पोशाखात, खेळांत, गाण्यांत, मुलांच्या नावांतसुद्धा त्यांचीच नक्कल करतात. या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवले. इंग्रज वाईट म्हणून त्याचे सोडा असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपले टाकून परक्याचे उष्टे घेणारा माणूस ना इकडचा राहतो ना तिकडचा, एवढाच त्यांचा मुद्दा होता. ३१ जुलै १८९३ रोजी काही मोजके लोक डब्लिनमधील एका खोलीत जमले आणि त्यांनी गेलिक लीग स्थापन केली. हाइड अध्यक्ष, इतिहासाचे अभ्यासक ओवेन मॅकनील चिटणीस. याच १८९३ मध्ये पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला आरंभ झाला. या दोन घटनांत परस्परसंबंध काहीही नाही. तरी जगाच्या दोन टोकांना एकाच साम्राज्याखालील माणसे एकाच वर्षी घरातले दैवत आणि घरातली भाषा चावडीवर आणीत होती, याची नोंद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

लीगने काय केले? वरकरणी पाहता आपली मंडळे करतात तेच. संध्याकाळचे भाषावर्ग, गाण्याच्या बैठका, नाटके, स्पर्धा, सहली. सायकलवरून गावोगाव फिरणारे शिक्षक नेमले. वर्गांत स्त्रीपुरुष एकत्र बसत, ही गोष्ट त्या काळी काही धर्मगुरूंना खटकत असे. (डी व्हॅलेरा यांची त्यांच्या पत्नीशी ओळख अशाच वर्गात झाली, ती शिक्षिका, ते विद्यार्थी.) १८९७ च्या मे महिन्यात वेल्स देशातील साहित्योत्सवाच्या धर्तीवर पहिले 'एराख्तस' डब्लिनमध्ये भरले. कविता, कथाकथन, गायन, वक्तृत्व यांच्या चढाओढी तेथे आयरिश भाषेत होऊ लागल्या. पुढील वर्षापासून 'फेश' नावाचे गावोगावचे उत्सव सुरू झाले. ज्या म्हाताऱ्याला नातवंडांनी अडाणी ठरविले होते तो व्यासपीठावर बसून कथा सांगू लागला आणि शहरातले पदवीधर त्याच्या पायाशी बसून ती उतरून घेऊ लागले. हाइड यांच्या साऱ्या कार्यात आम्हांस हे दृश्य सर्वांत मोलाचे वाटते.

दूर राहणाऱ्यांनी तर एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. आज आयरिश सामूहिक नृत्याचा जो 'केली' नावाचा मेळावा जगभर होतो, तो पहिल्याने आयर्लंडमध्ये झालाच नाही. लीगच्या लंडन शाखेने साविनच्या निमित्ताने ३० ऑक्टोबर १८९७ रोजी ब्लूम्सबरी हॉलमध्ये तो भरविला. 'केली' म्हणजे मुळात संध्याकाळी शेजाऱ्याकडे गप्पांना जाणे. लंडनमध्ये शेजारीच नाही, तेव्हा हॉल भाड्याने घेणे आले! स्कॉटलंडचे लोक तेथे असे मेळावे करीत असत, ते पाहून ही कल्पना सुचली. शाखेचे चिटणीस फिओनान मॅककॉलम हे लंडनच्या इंडिया ऑफिसात कारकून होते. दिवसा हिंदुस्थानच्या फायली आणि संध्याकाळी आयरिश. त्या पहिल्या रात्री सूर आयरिश होते, पण पावले युरोपी क्वाड्रिल आणि वॉल्ट्झची पडली, कारण समूहाने नाचावयाची आयरिश नृत्ये त्या तरुणांना येतच नव्हती. मग त्यांनी केरी परगण्याकडच्या एका म्हाताऱ्या नृत्यशिक्षकाला गाठून ती शिकून घेतली. लाज वाटून घरी बसले असते तर केली जन्मलीच नसती.

सेंट पॅट्रिकच्या दिवसाचेही असेच आहे. त्या दिवसाच्या मिरवणुका बोस्टन व न्यूयॉर्कच्या आयरिश लोकांनी अठराव्या शतकातच सुरू केल्या. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची. खुद्द आयर्लंडमध्ये तो दिवस चर्चचा आणि त्यानंतर दारूच्या गुत्त्यांचा होऊन राहिला होता. लीगने त्याला राष्ट्रीय दिवसाचे रूप देण्याचा चंग बांधला. मार्चमध्ये भाषा सप्ताह पाळावयास आरंभ केला, डब्लिनमधून भाषेसाठी मिरवणुका काढल्या, त्या दिवशी गुत्ते बंद ठेवावेत म्हणून दुकानदारांच्या मागे लागली. १९०३ मध्ये जेम्स ओमारा या सभासदाने मांडलेला कायदा ब्रिटिश पार्लमेंटात संमत होऊन १७ मार्च ही आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी झाली.

लीगची शाखासंख्या दहा-पंधरा वर्षांत पाचशेच्या वर गेली. खटकेही उडाले. आयरिशमध्ये पत्ता लिहिलेली पार्सले टपाल खाते घेईना. गाडीवर मालकाचे नाव आयरिशमध्ये रंगविले म्हणून शेतकऱ्यांवर खटले झाले. ट्रिनिटीच्या काही प्राध्यापकांनी आयरिश वाङ्मयात शिकण्याजोगे काही नाही अशी साक्ष सरकारी आयोगापुढे दिली. हाइड यांनी जर्मनी आदी देशांतील नामवंत पंडितांची मते गोळा करून आयोगापुढे ठेवली आणि शाळेतील आयरिशचे स्थान राखले. भांडणातही त्यांचा स्वर चढत नसे. मिश्या भरघोस, बोलणे मिठ्ठास, समोरच्याला हसवून कार्य साधण्याची हातोटी. १९०१ मध्ये त्यांचे एकांकी नाटक डब्लिनच्या गेइटी थिएटरात झाले. व्यावसायिक रंगभूमीवर आलेले हे पहिले आयरिश नाटक. त्याचे कथानक गमतीचे आहे. परप्रांतातून आलेला एक भटका कवी नाचाच्या घरात शिरून ठाण मांडतो. त्याला हाकलावे तर शाप देईल ही भीती. म्हणून त्याला गवताचा दोर वळावयास देतात. दोर वळताना माणसाला मागे मागे सरावे लागते. तसा तो सरत सरत उंबऱ्याबाहेर जातो आणि आतले लोक दार लावून घेतात. कवीची भूमिका स्वतः हाइड यांनी केली.

नोव्हेंबर १९०५ ते जून १९०६ या काळात हाइड अमेरिकेत फिरले. पन्नासांहून अधिक शहरे, रोजची व्याख्याने, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भेट. देश सोडून गेलेल्यांनी आणि त्यांच्या मुलांनी पन्नास हजार डॉलरांहून अधिक निधी दिला. त्याच एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाले. काही आठवड्यांपूर्वी त्या शहराने भाषेसाठी हात सैल सोडला होता, हे स्मरून हाइड यांनी पाच हजार डॉलर तेथील आपद्ग्रस्तांसाठी परत केले. निधी गोळा करणारे पुष्कळ असतात. असा परत करणारा विरळा.

१९०९ मध्ये ते डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आयरिशचे प्राध्यापक झाले. नव्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आयरिश आवश्यक ठरली हेही लीगच्याच आग्रहाचे फळ.

परंतु त्यांची खरी कसोटी याच सुमारास लागली. लीगची सतरंजी सर्वांसाठी आहे, तीवर कॅथलिक, प्रॉटेस्टंट, राजनिष्ठ आणि बंडखोर सारे बसू शकले पाहिजेत, हा हाइड यांचा पहिल्यापासूनचा आग्रह. भाषेला पक्ष नसतो असे ते मानीत. तरुण मंडळींना हे मिळमिळीत वाटू लागले. पारतंत्र्यात भाषा जगेल कशी, हा त्यांचा प्रश्न चुकीचा होता असेही आम्ही म्हणणार नाही. १९१६ च्या बंडाच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या त्यांतील बहुतेक लीगच्याच वर्गांतून आलेले होते. १९१५ च्या उन्हाळ्यात डंडॉक येथील वार्षिक सभेने स्वतंत्र आयर्लंड हे लीगचे एक ध्येय म्हणून मान्य केले. हाइड यांनी बावीस वर्षे सांभाळलेले अध्यक्षपद सोडले. त्यांनी वेगळी संस्था काढली नाही की वर्तमानपत्रांतून धुणी धुतली नाहीत. ते वर्गावर जाऊन शिकवीत राहिले. पुढच्याच वर्षी थोरली मुलगी नुआला क्षयाने गेली.

राज्य बदलले. १९२५ मध्ये ते काही महिने सिनेटचे सभासद होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत पडले. १९३२ मध्ये अध्यापनातून निवृत्त होऊन फ्रेंचपार्कला गेले. आणि १९३८ मध्ये, नव्या घटनेनुसार पहिला राष्ट्राध्यक्ष निवडण्याची वेळ आली तेव्हा, एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एकाच नावावर थांबले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हाइड बिनविरोध निवडून आले. जूनमध्ये डब्लिन कॅसलमध्ये त्यांनी पदाची शपथ आयरिशमध्ये घेतली. ती आयरिश रॉसकॉमनची, शेमस हार्टच्या बोलीची होती. ती बोली पुढे नामशेष झाली. तिची जी थोडी ध्वनिमुद्रणे उरली आहेत त्यांतले एक म्हणजे ही शपथ.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आयर्लंड आणि पोलंड यांच्यातील फुटबॉलचा सामना पाहावयास राष्ट्राध्यक्ष गेले. देशी खेळांची संघटना गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. हाइड तिचे आश्रयदाते होते. परकीय खेळ पाहणेही तिच्या नियमात बसत नव्हते. डिसेंबरात संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकले. देशी खेळ धरा असे सांगणाऱ्या १८९२ च्या त्या व्याख्यात्यालाच हे व्हावे! हाइड काही बोलले नाहीत. वर्षाच्या अखेरच्या दिवशी पत्नी ल्यूसी निवर्तल्या. १९४० मध्ये अर्धांगाचा झटका आला. उरलेली कारकीर्द त्यांनी चाकांच्या खुर्चीतून पार पाडली. १९४५ मध्ये मुदत संपल्यावर ते डब्लिनमध्येच फिनिक्स पार्कमधील एका घरात राहिले.

त्यांनी लावलेले वर्षाचे रोप मात्र वाढले. मार्चमधील आयरिश भाषा सप्ताह पुढे १ ते १७ मार्च असा पसरला आणि देशाबाहेरही पाळला जाऊ लागला. एराख्तस साविनच्या सुमारास भरते. संगीताचा फिरता महोत्सव फ्लाह १९५१ मध्ये मलिंगर येथे सुरू झाला. आणि २०२३ पासून संत ब्रिजिडच्या सणाचीही सार्वजनिक सुट्टी मिळू लागली. घरोघर रोज आयरिश बोलणारे मात्र पश्चिम किनाऱ्यालगतच्या मुलखात थोडेच राहिले आहेत. सण जगले तितकी भाषा जगली नाही, हे मान्य केले पाहिजे.

१२ जुलै १९४९ रोजी हाइड यांचे निधन झाले. माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने निघाली. प्रार्थना व्हावयाची होती डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये, ज्या संताच्या दिवसाला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली त्याच्याच नावाच्या मंदिरात. परंतु ते प्रॉटेस्टंट पंथाचे. कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट उपासनेस बसू नये असा त्या काळी चर्चचा दंडक होता. प्रधानमंत्री कॉस्टेलो आणि एखाददुसरा अपवाद सोडून त्यांचे सारे कॅथलिक मंत्री बाहेर मोटारींत बसून राहिले. आत प्रार्थना संपली, शवपेटिका बाहेर आली, आणि मग मोटारी तिच्यामागून निघाल्या.

त्यांना फ्रेंचपार्क येथे नेण्यात आले. पोर्टाहार्डच्या ज्या लहानशा चर्चमध्ये वडील उपदेश करीत, त्याच्या आवारात आईवडील, बहीण, ल्यूसी आणि नुआला यांच्याशेजारी ते विसावले आहेत. त्या चर्चभोवतीच्याच मुलखात शेमस हार्टच्या मागे मागे हिंडताना त्यांनी पहिले आयरिश शब्द ऐकले होते.